जावयाच्या नावाचा बॅनर

त्या बॅनरची धास्ती एवढी होती की एकदा तो धुऊन दोरीवर वाळत घातला असताना त्या वेळच्या कोचने सायकलवरून जाता जाता पाहिला आणि घरी पोचताच बायकोला सांगितलं, सामान बांध. बॅनरवर नाव त्याच्या आधीच्या कोचचं होतं. पण वाळत घातलाय म्हणजे लवकरच लागणार, एवढं कळण्याइतका तो शहाणा होता. क्लबच्या इतिहासातला शहाणा कोच म्हणाल तर तो एकच.

बॅनर तंबूच्या कापडाचा. दोन बसगाड्या पुढेमागे उभ्या केल्या तर झाकल्या जातील एवढा. मधल्या पांढऱ्या जागेत निळ्या अक्षरांत कोचचं आडनाव, आणि खाली लाल पट्टीवर दोनच शब्द : चालता हो. तो ज्या रविवारी पूर्वेच्या स्टँडवर चढला, त्याच्या दुसऱ्या दिवशी कोच गेला. एकदाही चूक नाही. त्यात जादू काही नव्हती. क्लबच्या अध्यक्षांनी आयुष्यात आपण होऊन निर्णय असा एकच घेतला होता, लग्नाचा, आणि तेव्हाही म्हणे विचारलं होतं बायकोनेच. वर्तमानपत्रवाले कोचबद्दल विचारायला गेले की ते म्हणत, विचार चालू आहे. हा विचार चालत चालत कुठे पोचायचा नाही. मग स्टँड बॅनर चढवायचा आणि अध्यक्ष सुटकेचा श्वास सोडायचे.

हा बॅनर शिवला होता ताडपत्रीवाल्या मावशीने, आणि तो राहायचाही तिच्याच दुकानात, मोठ्या मशीनमागच्या फळीवर. ट्रकच्या ताडपत्र्या, दुकानांच्या कनाती, तंबू असलं जाड काम ती करायची. हात असे की हस्तांदोलन केलं तर माणूस बोटं मोजून घ्यायचा. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून तिने पहिली मॅच पाहिली, आणि तेव्हापासून पूर्वेच्या स्टँडमध्ये बॅनरची डावी काठी तिची. उजवी काठी भोंग्याची. भोंगा आठवडाभर वाचनालयात नोकरीला होता. सहा दिवस लोकांना गप्प बसवायचा आणि सातव्या दिवशी सगळी शांतता व्याजासकट परत करायचा.

बॅनरची शिवण कशी असावी याचा मावशीचा नेम ठरलेला. नाव धावदोऱ्याने टाचायचं, कारण कोच काय, येतात आणि जातात, एक दोरा ओढला की अक्षरं मोकळी. लाल पट्टी मात्र पक्की शिवायची, ती कायमची. फक्त मागच्या खेपेला धुताना पट्टीचा लाल रंग सुटायला लागला, म्हणून मावशीने ती उसवून वेगळी धुतली आणि परत लावताना नुसती टाचून ठेवली. म्हटलं, ऐन वेळी मशीन मारू.

आणि ऐन वेळ आली ती अशी की क्लबचा कोच म्हणून अध्यक्षांनी निवडला तो मावशीचा जावई.

पहिले दिवस काय थाटाचे होते. स्टँडमध्ये मावशीला बसायला उशी मिळायची. भोंगा लोकांना सांगायचा, सरका, सासूबाई आल्या. मग क्लब हरायला लागला. नुसता हरला असता तरी चाललं असतं, हरायची स्टँडला सवय होती. पण जावईबापूंचा संघ चेंडू पुढे न्यायचाच नाही. डाव्या बॅकने उजव्याला द्यायचा, उजव्याने गोलकीपरला, गोलकीपरने परत डाव्याला. जणू समोरच्या गोलजवळ कुणी कुत्रा बांधून ठेवला होता. स्टँडने कोचचं नाव रिव्हर्स ठेवलं. उशी गेली. मग मावशीच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहायला लागल्या. तिच्या देखत शिव्या द्यायच्या तर संकोच, आणि न द्याव्यात तर मॅचला यायचं कशाला?

त्यांना काय ठाऊक, सगळ्यात घाण शिव्या मावशीच्याच पोटात होत्या.

त्या रविवारी तर कहर झाला. डाव्या बॅकने मान वर न करता चेंडू मागे सोडला, गोलकीपर बुटाची नाडी बांधत होता, आणि चेंडू अगदी सावकाश, पाहुण्यासारखा, स्वतःच्याच गोलमध्ये शिरला. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओठ चावले तर आपलेच, दात तरी कुणाचे? तिने ताडपत्रीची पिशवी गच्च धरली. घरी येऊन पाहिलं तर पिशवीचा जाड पट्टा पिळून दोरी झाला होता.

लेक आणि जावई दुकानाच्या वरच्या खोलीत राहायचे आणि रविवारी रात्रीचं जेवण खाली, दुकानामागच्या स्वयंपाकघरात व्हायचं. मावशीने सूप वाढलं.

"ताबा आज आपला जास्त होता," जावई म्हणाला. "चेंडूवर."

ताबा घ्यायला चेंडू काय जमीन आहे, असं मावशीच्या अगदी जिभेवर आलं. पण समोर जावई होता. दहावा ग्रह. त्याला तिने कधी अहोजाहोशिवाय हाक मारली नव्हती.

"अजून थोडं घेता का, जावईबापू?" ती म्हणाली, आणि डाव असा आपटला की सूप आपण होऊन ताटलीत उडालं.

लेकीने आईकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि पाव मोडत बसली.

मंगळवारी दुकान उघडल्या उघडल्या भोंगा आला. बरोबर दातांचा डॉक्टर. हा डॉक्टर स्टँडमध्ये गोल खाल्ल्यावर रडायचा आणि दवाखान्यात दुसऱ्यांना रडवायचा. मावशी एका ट्रकच्या ताडपत्रीला कडी बसवत होती. तिने मान वर केली नाही.

"मावशी, आमचं ठरलंय," भोंगा म्हणाला. दुकानात तो वाचनालयातल्या आवाजात बोलायचा. "या रविवारी."

"ठरलंय तर ठरलंय. मला कशाला सांगता?"

"मशीन तुमचं. बॅनर तुमच्याकडे."

"घेऊन जा की. नाव बाहेरून शिवून घ्या."

"बाहेरचं नाव स्टँड चढवायचा नाही," डॉक्टर म्हणाला. "लोक म्हणतील, मावशीने नाही शिवलं म्हणजे बॅनर खरा नाही. आणि अध्यक्षही तेच म्हणतील. विचार चालू आहे म्हणतील."

"तुमच्या घरात कुणाचं नाव शिवलंय का अजून?"

मग भोंग्याने ज्याची मावशीला भीती होती तेच बाहेर काढलं.

"मागच्या कोचच्या वेळी मीच म्हटलं होतं, मावशी, जाऊ द्या, त्याची बायको आजारी आहे, महिनाभर थांबू. तेव्हा तुम्ही काय म्हणालात? क्लब काय त्याच्या बायकोचा आहे, म्हणालात. त्यालाही सासू असेल, समजून घेईल ती, म्हणालात."

हे खरं होतं. मावशीला आठवत होतं, आणि त्या वेळी सगळे किती हसले होते तेही. तिने हातोडी खाली ठेवली.

"समजून घेते की. समजून घ्यायला माझं काय जातंय? नाव शिवलं की सोमवारी त्याला काढतील. काढला की दुसऱ्या गावाला जाईल. गेला की माझी पोरगी त्याच्याबरोबर जाईल. मग वर कोण राहील, तुम्ही?"

"क्लब खालच्या विभागात गेला तर तो परत वर यायला किती वर्षं लागतील, तुम्हीच सांगा," डॉक्टर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "माझे वडील तर ते बघायलासुद्धा उरायचे नाहीत."

"रडू नका. ताडपत्रीवर डाग पडतात." मावशीने कडी परत हातात घेतली. "रविवारी बघू. आता निघा."

ते निघाले, तर जिन्याच्या खालच्या पायरीवर जावई उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे. भोंग्याने त्याला पाहून मान खाली घातली आणि भिंतीला अंग घासत बाहेर पडला. डॉक्टर सवयीने म्हणाला, "सकाळसंध्याकाळ घासताय ना?" आणि पळाला.

जावई पुढे आला. मशीनवर हात ठेवून म्हणाला, "सासूबाई, शिवून टाका."

"काय म्हणालात?"

"माझं नाव. शिवून टाका. अध्यक्ष काढतही नाहीत आणि धीरही देत नाहीत. मी आपण होऊन सोडलं तर लोक म्हणतील पळाला. बॅनर लागला की सुटेन. काढलं म्हणतील, पळाला तरी म्हणणार नाहीत."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. इतके महिने ती स्टँडमध्ये एकटी बसली होती. इतके महिने तिने दात ओठ खाऊन सूप वाढलं होतं. कुणासाठी, तर याच्यासाठी. आणि याला हवं काय, तर सुटका. तीही तिच्या सुईने.

"म्हणजे पळायचं तुम्हाला," ती म्हणाली, "आणि पाय माझे वापरायचे."

"तसं नाही..."

"मग कसं? चेंडू मागे, खेळाडू मागे, आणि आता स्वतः पण मागच्या मागे. अरे, जन्मात एकदा तरी पुढे बघून काही करशील का तू?"

दुकान एकदम चिडीचूप झालं. वाईट बोलण्याने नव्हे. वाईट तर ती ट्रकवाल्यांना रोज बोलायची. पण जावयाला ती 'तू' म्हणाली होती. जावयाने मशीनवरचा हात काढून घेतला, जणू चटका बसला.

वरून लेकीचा आवाज आला. "शीव, आई."

ती जिन्यात बसली होती, गुडघ्यांवर हात बांधून.

"तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच आहे. माझ्याइतकं मध्ये दुसरं कोण आहे? भाजी आणायला गेले तर माझ्यामागे गाडी रिव्हर्स घेतल्याचे आवाज काढतात लोक. मलाही राग आलाय, तुझ्याइतकाच. ह्यांचाही आलाय आणि तुझाही. तेव्हा शीव एकदा आणि मोकळी हो. फक्त एवढं ध्यानात ठेव, बॅनरवर आडनाव असतं. ते आता माझंही आहे."

एवढं बोलून ती उठून वर गेली. जावई दोघींच्या मध्ये उभा राहिला, नेहमीसारखा, पुढे जावं की मागे हे न कळून. मग मागे गेला.

मावशीने दुकानाचं दार आतून लावून घेतलं. फळीवरून बॅनर ओढला, जमिनीवर पसरला, आधीच्या कोचचं नाव एका ओढीत मोकळं केलं. निळं कापड कापताना कात्रीने टेबलाची कडही कापली. पळायचंय काय. मोकळं व्हायचंय काय. धावदोऱ्याने टाचून द्यायचं म्हणजे सोमवारी दोरा ओढला की याचं नाव गेलं, हा कुठल्या तरी गावात नव्याने मागे पास द्यायला मोकळा. नाही म्हणावं. असं शिवते की कापड फाटेल पण नाव निघायचं नाही. याच्या नातवंडांनी येऊन वाचलं पाहिजे.

तिने ताडपत्रीचा दोरा मशीनला लावला, तोच ज्याने दगडांच्या ट्रकवरची ताडपत्री शिवतात. एकेका अक्षराला दोन दोन वेळा शिवण मारली, कोपऱ्यांवर तीनदा. मशीन असं धडधडत होतं की शेजारच्या घड्याळजीने घड्याळं थांबलीत की पुढे गेलीत हे बघायला दुकान उघडलं, असं तो अजून सांगतो. राग एका जागी गोळा झाला की माणसाला बाकीचं कापड दिसत नाही. शेवटचं अक्षर शिवून झालं, तिने दोरा दातांनी तोडला, बॅनर गुंडाळला आणि परत फळीवर टाकला.

रविवारी वारा सुटला होता. वारा म्हणजे कसला, तर गोलकीपरने लांब मारलेला चेंडू हवेत विचार बदलून त्याच्याच हातात परत येत होता. म्हणजे निदान वारा तरी जावयाच्या पद्धतीने खेळत होता. मावशी डावी काठी धरून उभी होती. तिने नाव शिवून आणलं होतं, पण कुणाशी बोलत नव्हती. पलीकडे भोंगा उजवी काठी सावरत होता. मध्ये शेकडो हातांनी बॅनर उचलायचा, डोक्यांवर ताणायचा, आणि खाली अंधारात उभं राहून ओरडायचं, ही रीत. खालच्यांना बॅनर दिसत नाही. दिसायची गरजही नसते. लिहिलंय काय, हे त्यांना पाठच असतं.

"उचला," भोंगा ओरडला, आणि स्टेडियमबाहेर उभी असलेली घोडागाडी आपण होऊन निघून गेली.

बॅनर वर गेला. समोरच्या स्टँडमध्ये लोक उभे राहिले. अध्यक्ष आपल्या काचेच्या खोलीतून पुढे वाकले. बाकड्यावर बसलेल्या जावयाने वर पाहिलं, काठीपाशी सासू पाहिली, आणि टोपी काढली. आणि त्याच वेळी वाऱ्याचा एक झोत बॅनरखाली शिरला.

आवाज फक्त मावशीने ओळखला. धावदोरा उसवतो तेव्हा असाच आवाज होतो, घाईत पोथी चाळल्यासारखा. लाल पट्टी एका टोकाने सुटली, मग दुसऱ्या, दोन क्षण फडफडली आणि उडाली. कॉर्नरच्या झेंड्यावरून गेली, लाइनमनच्या तोंडावर बसली. तो बिचारा चाचपडला, हातातला झेंडा वर गेला, आणि समोरच्या संघाने तेवढ्यात मारलेला गोल ऑफसाइड ठरला. यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण स्कोअर शून्य-शून्य राहिला, हे सगळ्यांना मान्य आहे.

आणि पूर्वेच्या स्टँडवर, दोन बसगाड्यांएवढ्या पांढऱ्या कापडावर, उरलं फक्त जावयाचं आडनाव. सुरकुती नाही, टाका सुटलेला नाही. चालता हो नाही, काही नाही. नुसतं नाव, उचलून धरलेलं.

"खाली घ्या," मावशी ओरडली. "अरे खाली घ्या तो."

भोंग्याला वाटलं, म्हातारी ऐन वेळी विरघळली. त्याने आपली काठी आणखी वर केली. "धरा घट्ट," तो खालच्यांना म्हणाला. "काही झालं तरी सोडू नका." आणि खालचे शेकडो लोक, रागाने लाल होऊन, घसे फोडून शिव्या देत, ते नाव वर धरून उभे राहिले. समोरच्या स्टँडला शिव्या ऐकू येत नव्हत्या, नाव तेवढं दिसत होतं. हे लोक एवढे बदलले तर आपण का मागे राहायचं, म्हणून त्यांनी टाळ्यांच्या ठेक्यावर तेच नाव घ्यायला सुरुवात केली.

मॅच बरोबरीत सुटली, मागे, मागे, मागे अशा पासांनी. सोमवारी अध्यक्षांनी वर्तमानपत्रवाल्यांना बोलावलं. प्रेक्षकांनी एवढ्या मोठ्या अक्षरांत विश्वास दाखवल्यावर माझ्यासारख्याने काय विचार करायचा, असं म्हणाले, आणि कोच राहतील असं सांगून मोकळे झाले.

संध्याकाळी दुकानात भोंगा आणि डॉक्टर. भोंगा या वेळी वाचनालय विसरला होता.

"फसवलंत तुम्ही."

"मुद्दाम केलं असतं तर छाती ठोकून सांगितलं असतं. पट्टी टाचलेली होती हे विसरले मी."

डॉक्टर खाली वाकून बॅनर तपासत होता, चष्मा कपाळावर चढवून. "नावाला दुहेरी शिवण, आणि पट्टीला धावदोरा," तो म्हणाला. "मावशी, मी दातांचा डॉक्टर आहे. पण कुठलं पक्कं आणि कुठलं हलतंय, एवढं मला कळतं."

"अहो, राग आला होता मला."

"जावयाचा राग आला म्हणून त्याचं नाव पक्कं शिवलंत?"

यावर खरं उत्तर होतं, पण ते खोट्याहून खोटं वाटलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा स्टँडसमोर मावशीला शब्द सुचला नाही, आणि त्याचाही तिला राग आला.

"काठी आता दुसरं कुणी धरेल," भोंगा जाताना म्हणाला. एवढंच, आणि हळू आवाजात. ते जास्त लागलं.

वर जावं तर वर दुसरीच तऱ्हा. लेक तिला मिठी मारून रडली. "आई, एवढं मन मोठं करशील असं वाटलं नव्हतं."

"मी काही केलेलं नाही."

"हो, हो. नाहीच केलंस." आणि पुन्हा मिठी.

चुकीची शिवी माणूस सोसतो, परतवता येते. चुकीचं कौतुक काय करायचं? मावशी धुमसत खाली आली, तर मशीनपाशी जावई. हातात लाल पट्टी, कडा जुळवून घडी घातलेली.

"सासूबाई, हे तुमचं. मैदानातून उचललं. तुम्ही माझ्यासाठी..."

"एक शब्द बोलू नकोस." तू ते तूच राहिलं होतं, आता ते परत अहो व्हायचं नव्हतं. "तुझ्यासाठी मी काही केलं नाही. मी तुला काढायला निघाले होते, आणि माझ्याच टाक्याने मला दगा दिला. आता काठी गेली माझी. तू राहिलास, आणि मी बसले. बस खाली."

तो बसला. मावशीने स्वयंपाकघरातून मीठदाणी आणली, चमचे आणले, सूपचा डाव आणला, सगळं टेबलावर मांडलं.

"हा डाव म्हणजे त्यांचा गोल. ही मीठदाणी म्हणजे तुझा डावा बॅक. याच्याकडे चेंडू आला. कुठे जाणार?"

जावयाने मीठदाणीकडे हात नेला. त्याचं बोट हललं आणि मागे वळलं.

मावशीने लाल पट्टी उचलली. "ही मी टाकून देणार नाही. पिशवीत ठेवणार. त्या बॅनरवर तुझं नाव आता जन्मभराचं आहे, ते मलाही काढता येणार नाही. फक्त खाली ही लावायची राहिली आहे. या रविवारी तुझा चेंडू विनाकारण मागे गेला, की मी तिथेच बसून शिवीन. हाताने. आणि या वेळी टाचणार नाही."

जावयाने मीठदाणी हातात घेतली. थोडी पुढे सरकवली.

"अजून," मावशी म्हणाली.

रविवारी ती स्टँडमध्ये नेहमीच्या जागी बसली. दोन्ही बाजूंना रिकामं. पिशवी मांडीवर, गुंडाळलेला बॅनर पायाशी. मॅच सुरू झाली, आणि थोड्या वेळाने भोंगा येऊन एक जागा सोडून बसला. तिच्याकडे बघितलं नाही.

"मावशी, पट्टी आणलीय म्हणे."

"आणलीय."

"सुई?"

"ओवलेली आहे."

भोंगा उठला आणि शेजारच्या जागेवर सरकला. खाली मैदानात चेंडू डाव्या बॅककडे आला. त्याने तो पायाखाली थांबवला. सवयीने त्याची मान मागे, आपल्या गोलकीपरकडे वळायला लागली. बाकड्यावरून जावई उठून थेट रेषेपर्यंत आला.

मावशीने पिशवीत हात घातला.